पदवीदानाचे सभागृह आणि विद्यार्थ्यांची जागा : मुंबई विद्यापीठाच्या वास्तुविकासाची एक चिकित्सा

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलावर आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन शैलीच्या अंगाने जाते. कमान कोणत्या शतकातील फ्रेंच गॉथिक पद्धतीची, मनोऱ्यावर इटलीचा प्रभाव किती, दगड कुर्ल्याचा की पोरबंदरचा, असे प्रश्न त्यात प्राधान्याने येतात. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु विद्यापीठाची वास्तू ही कोणाच्या वापरासाठी उभी राहिली आणि विद्यार्थी नावाच्या घटकाला तिच्यात कोठे उभे राहता आले, हा प्रश्न शैलीच्या चर्चेत सहसा हरवतो. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थी संघासाठी स्वतंत्र इमारती उभ्या राहिल्या. ज्या विद्यापीठीय परंपरेचे अनुकरण करून मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले त्याच परंपरेचा हा भाग होता. मुंबईत तो आला नाही. तो का आला नाही आणि त्याच्या अभावी मुंबईच्या विद्यार्थ्याने गिरगाव, फोर्ट, दादर, परळ या परिसरात आपली जागा कशी शोधली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परीक्षा घेणारे विद्यापीठ आणि त्याची वास्तू

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेल्या या संस्थेचे काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच होते. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम होते. त्यामुळे विद्यापीठाला वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृह यांपैकी कशाचीच गरज नव्हती. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले तेव्हा विद्यापीठाला स्वतःचे छप्परही नव्हते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे ही त्या पहिल्या तुकडीतील नावे सर्वपरिचित आहेत.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला जो भाव आला त्यातून विद्यापीठाला इमारत मिळाली. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती. दोन्ही वास्तूंचे आराखडे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केले. स्कॉट मुंबईला कधीच आले नाहीत. सभागृहाचे बांधकाम १८६९ ते १८७४ या काळात झाले. ग्रंथालय आणि २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. स्कॉट यांचे निधनही त्याच वर्षीचे.

सभागृहाची रचना लक्षपूर्वक पाहिली तर विद्यापीठाची स्वतःविषयीची कल्पना तिच्यात स्पष्टपणे उमटलेली दिसते. सुमारे १०४ फूट लांब आणि ४४ फूट रुंद असे हे दालन छताच्या टोकापर्यंत ६३ फूट उंच आहे. तीन बाजूंनी सज्जा फिरतो. एका टोकाला मोठ्या कमानीपलीकडे अर्धवर्तुळाकार कक्ष आहे. चर्चमध्ये जेथे वेदी असते तेथे येथे कुलपती आणि सिनेटचे सदस्य बसतात. कुलपती म्हणजे त्या काळी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. समोरच्या टोकाला बारा राशींची चित्रे असलेली रंगीत काचांची वर्तुळाकार खिडकी आहे. म्हणजे प्रार्थनेची वास्तू आणि दरबाराची वास्तू यांचा येथे संयोग झाला आहे. विद्यार्थी या दालनात बसतो तो पदवीदानाच्या दिवशी, समोर तोंड करून. त्याने कोणाशी बोलावे, कोणाचे म्हणणे खोडून काढावे, अशी या रचनेत योजनाच नाही. वादसभेच्या दालनात बाके समोरासमोर असतात. येथे सर्व बाके एकाच दिशेने पाहतात. हा फरक लाकडी सामानाचा वाटला तरी तो मूलभूत आहे.

ग्रंथालयाच्या बाबतीत थोडे वेगळे म्हणावे लागेल. वरच्या मजल्यावरील वाचनदालन ही या संकुलातील एकमेव जागा अशी आहे की जेथे विद्यार्थी रोज जाऊ शकतो आणि जेथे जाण्याचा त्याला अधिकार आहे. उंच कमानी, रंगीत काचांतून येणारा मंद उजेड, बाहेरच्या रस्त्याचा दबलेला आवाज यांमुळे हे दालन अभ्यासाला उत्तम आहे. परंतु वाचनदालनाची पहिली अट शांतता ही असते. विद्यार्थ्यांना एकत्र येण्यासाठी जी जागा लागते तिची अट याच्या उलट असते. सभागृहात बोलायचे एकाने आणि वाचनालयात कोणीच बोलायचे नाही, अशा या दोन टोकांमध्ये विद्यार्थ्यांच्या आपसातील बोलण्यासाठी छप्पर राहिलेच नाही.

राजाबाई मनोऱ्यावरील २४ आकृत्यांचा येथे ओझरता उल्लेख करणे योग्य होईल. रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवलेल्या या आकृत्या पश्चिम भारतातील विविध जातिजमातींचे प्रतिनिधित्व करतात. त्या पोशाखावरून आणि पागोट्यावरून ओळखल्या जातात. समाजाचे जे चित्र विद्यापीठाने आपल्या मनोऱ्यावर कोरले ते जातवार आहे. विद्यार्थी हा जातींपलीकडचा नवा समूह आपल्याच अंगणात तयार होत आहे याची दखल त्या शिल्पयोजनेत नाही. याचा दोष मुकुंद रामचंद्र यांच्याकडे जात नाही. जनगणनेच्या त्या युगात समाज मोजण्याची दुसरी पद्धत राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हती.

स्कॉटलंडमधील दोन उदाहरणे

तुलनेसाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे दाखले देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ऑक्सफर्डच्या वादसभेचे दालन १८५७ सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या जन्मवर्षाचेच. केंब्रिजच्या वादसभेची इमारत आल्फ्रेड वॉटरहाऊस यांनी १८६६ मध्ये बांधली. परंतु ही दोन्ही निवासी विद्यापीठे होती आणि त्यांच्या वादसभा हे सभासदांचे मंडळ होते. मुंबईशी तुलना करायची तर स्कॉटलंडची विद्यापीठे अधिक योग्य ठरतात. तेथील पुष्कळ विद्यार्थी शहरात भाड्याच्या खोल्यांतून राहत आणि दिवसभर शहरात फिरत.

एडिंबरो येथे १८८४ साली विद्यार्थी प्रतिनिधी मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाच्या पुढाकाराने निधी गोळा झाला आणि १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये टेव्हिअट रो येथील विद्यार्थी संघाची इमारत सुरू झाली. विद्यार्थी संघासाठीच बांधलेली जगातील सर्वांत जुनी इमारत म्हणून ती ओळखली जाते. वास्तुविशारद सिडनी मिचेल यांनी दर्शनी बाजूला दोन गोल बुरूज देऊन तिला जुन्या स्कॉटिश राजवाड्याचे रूप दिले. आत मात्र वादसभेचे दालन, वाचनखोली, जेवणाची दालने, खेळांच्या खोल्या अशी रोजच्या वापराची योजना होती. पुढे विसाव्या शतकात या इमारतीचा दोन वेळा विस्तार झाला. या इमारतीची बाजूही पूर्ण उजळ नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती पुरुष विद्यार्थ्यांचीच होती, आणि विद्यार्थिनींना आपला संघ वेगळा चालवावा लागला. तरीही कालक्रमाची एक बाब महत्त्वाची आहे. एडिंबरो विद्यापीठाचे पदवीदान सभागृह, मॅकईवन हॉल, १८९७ साली पूर्ण झाले. म्हणजे तेथे विद्यार्थ्यांची इमारत आधी आली आणि पदवीदानाची नंतर. मुंबईत पदवीदानाची वास्तू १८७४ मध्येच तयार झाली.

दुसरे उदाहरण ग्लासगोचे. गिलमोरहिल येथील ग्लासगो विद्यापीठाची मुख्य वास्तू गिल्बर्ट स्कॉट यांचीच. मुंबईच्या सभागृहाचे काम चालू असतानाच, १८७० साली, ती वापरात आली. तीही मनोरा, गॉथिक कमानी आणि उंच दालने असलेली भव्य वास्तू आहे. विद्यार्थ्यांच्या संघाला तिच्यातही जागा नव्हती. परंतु तेथे १८८५ मध्ये विद्यार्थी संघ स्थापन झाला आणि डॉ. जॉन मॅकिन्टायर यांच्या देणगीतून त्याच आवाराच्या कोपऱ्यावर जॉन जेम्स बर्नेट यांनी संघाची छोटी इमारत बांधली. ती १८९० साली तयार झाली. वास्तुविशारद एकच, दशक एकच, शैली एकच. फरक पडला तो नंतरच्या वीस वर्षांत. एका आवारात देणगीदार विद्यार्थ्यांकडे वळला आणि दुसऱ्या आवारात वळला नाही. त्यामुळे स्कॉट यांच्या आराखड्यावर सर्व दोष ठेवून मोकळे होता येत नाही.

मुंबईत पैसा नव्हता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १८८९ सालीच गिरगाव चौपाटीवर जॉन अ‍ॅडम्स यांच्या आराखड्यानुसार विल्सन महाविद्यालयाची नवी इमारत उभी राहिली. १८८८ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालय काळा घोड्याजवळच्या ट्रबशॉ यांनी आखलेल्या इमारतीत आले. ती इमारत मुळात सरकारी छापखान्यासाठी योजलेली होती. छापखान्याच्या इमारतीत महाविद्यालय सुखाने नांदू शकले यावरून शिक्षणाच्या वास्तूविषयीची त्या काळची कल्पना किती ढोबळ होती हे दिसते. खोल्या, कॉरिडॉर आणि जिना एवढे असले की महाविद्यालय झाले. आजही अनेक विनाअनुदानित महाविद्यालयांच्या इमारतींकडे पाहिल्यावर ही कल्पना बदलली आहे असे म्हणवत नाही.

गेडिस यांची पाच वर्षे

या संदर्भात पॅट्रिक गेडिस यांचा विचार करणे अपरिहार्य आहे. १८८७ साली एडिंबरोमध्ये गेडिस यांनी विद्यार्थ्यांनीच चालवायचे निवासगृह सुरू केले होते. जुन्या शहरातील पडीक घरे दुरुस्त करून तेथे विद्यार्थ्यांना वसवावे, म्हणजे विद्यापीठ आणि शहर यांचा संबंध जुळेल, हा त्यांचा विचार होता. टेव्हिअट रो येथील इमारतीचे वास्तुविशारद सिडनी मिचेल हेच गेडिस यांच्या रॅमसे गार्डन प्रकल्पातही होते. १९१८ मध्ये इंदूरच्या होळकर दरबारासाठी केलेल्या नगररचना अहवालात गेडिस यांनी मध्य भारताच्या नियोजित विद्यापीठाचा सविस्तर विचार मांडला. १९१९ मध्ये जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा त्यांनी केला. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले.

विद्यापीठ कसे असावे याचा एवढा विचार केलेला माणूस १९२४ पर्यंत मुंबईत होता. या काळाने डॉ. गो. स. घुर्ये यांच्यासारखा विद्यार्थी दिला, ज्यांनी पुढे हा विभाग नावारूपाला आणला. परंतु विद्यार्थ्यांसाठीची वास्तू मागे राहिली नाही. मुंबई सोडल्यावर गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले आणि तेथे त्यांनी पुन्हा विद्यार्थ्यांचे निवासगृह उभारले. मुंबईच्या आधी आणि मुंबईच्या नंतर ज्यांनी विद्यार्थ्यांची घरे बांधली त्यांच्या हातून मुंबईत ते झाले नाही, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. व्यक्तीच्या अंगी असलेली दृष्टी संस्थेच्या रचनेपुढे कशी निष्प्रभ होते याचे हे उदाहरण म्हणता येईल. विद्यापीठाने नुकतेच अध्यापन सुरू केले होते. त्याच्या लेखी विद्यार्थी हा अजूनही परीक्षेचा क्रमांकच होता.

गिरगावची परंपरा

मुंबईच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची संस्था उभी केलीच नाही असे मात्र नव्हे. उलट विद्यापीठाच्या नऊ वर्षे आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रेरणेने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी यांचा तिच्यात पुढाकार होता. मराठी आणि गुजराती भाषांत व्याख्याने व्हावीत म्हणून तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचेही नेतृत्व सोसायटीला लाभले.

या सोसायटीचा वास्तुदृष्ट्या विचार आजवर कोणी गंभीरपणे केलेला दिसत नाही. विद्यार्थ्यांची सभा स्थापन झाल्यावर तिने पहिली जागा कोणासाठी मागितली? स्वतःसाठी नव्हे. १८४९ मध्ये सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सभासद तेथे विनावेतन शिकवू लागले. शाळांसाठी नाना शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली. सोसायटीचे नाव पुढे गिरगावातील कमळाबाई शाळेशी जोडले गेले. एडिंबरोच्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या पैशातून जेवणाची दालने आणि खेळांच्या खोल्या बांधल्या. मुंबईच्या विद्यार्थ्यांना जे बळ मिळाले ते त्यांनी मुलींच्या शाळेत घातले. विद्यार्थी चळवळीने स्वतःच्या सोयीपेक्षा समाजाच्या गरजेला दिलेले हे प्राधान्य निश्चितच गौरवास्पद आहे. परंतु त्याची एक किंमतही होती. विद्यार्थी हा समाजाचा सेवक, त्याला स्वतःसाठी काही मागण्याचा संकोच वाटावा, ही धारणा येथून रुजली. आजही महाविद्यालयात विद्यार्थ्यांसाठी खोली मागितली तर ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या नावाने लवकर मिळते. विद्यार्थी मंडळाच्या नावाने मागितली तर तिचे प्रयोजन विचारले जाते.

पहिल्या पदवीधरांच्या बाबतीतही असेच घडले. रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे चौघेही १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाशी निगडित होते. समाजाचे गिरगावातील मंदिर १८७४ मध्ये उभे राहिले. विद्यापीठाचे सभागृह पूर्ण झाले तेच हे वर्ष. म्हणजे ज्यांना विद्यापीठाने पदवी दिली त्यांनी आपली एकत्र बसण्याची जागा विद्यापीठात शोधली नाही, ती गिरगावात बांधली. हे मंदिर स्कॉट यांच्या सभागृहासमोर अगदी साधे दिसते. पण तेथे व्याख्यान, प्रार्थना आणि चर्चा यांसाठी नियमाने लोक जमत राहिले. वापराच्या कसोटीवर दोहोंची तुलना केली तर गिरगावची वास्तू सरस ठरते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

ग्वालिया टँकजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेचे उदाहरणही याच परिसरातले. डिसेंबर १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्याऐवजी मुंबईत भरवावे लागले, कारण पुण्यात पटकीची साथ होती. ७२ प्रतिनिधी ज्या इमारतीत जमले ती पाठशाळेची आणि तिच्या बोर्डिंगची इमारत होती. राष्ट्रीय सभेचा जन्म विद्यार्थ्यांच्या निवासाच्या वास्तूत झाला, ही गोष्ट इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात येते ती केवळ स्थळाचे नाव म्हणून.

बोर्डिंग, चाळ आणि अभ्यासिका

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांसाठी जी वास्तू खऱ्या अर्थाने विकसित झाली ती बोर्डिंगची होय. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना जागा आणि उत्पन्न दिले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. येथे विद्यार्थी स्वयंपाक, पाणी, सफाई सगळे मिळून करीत. विद्यार्थी संघाच्या इमारतीत जे सहजीवन अपेक्षित असते त्याचे हे देशी रूप मानता येईल. त्याचा पाया मात्र विरंगुळ्याचा नव्हता. तो अन्नाचा होता.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न आणखी तीव्र होता. परळ, लालबाग, वरळी, नायगाव येथील चाळींतील एका खोलीचे क्षेत्र साधारण १६० चौरस फूट. १९२० च्या दशकातील बीडीडी चाळींचे मोजमाप हेच. अशा खोलीत दोन कुटुंबे आणि पाळीवर जाणारे गाळेकरी राहत असत. गिरणी कामगाराच्या मुलाला महाविद्यालयात प्रवेश मिळाला तरी पुस्तक उघडण्यासाठी कोपरा मिळत नसे. म्हणून चाळीची गॅलरी, जिन्याचा खालचा भाग, रस्त्यावरचा दिवा आणि पुढे मंडळांच्या अभ्यासिका हेच त्याचे विद्यापीठ संकुल झाले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळला रात्रशाळा, वाचनालय आणि सभागृह यांची सांगड घातली. दादर-नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात अभ्यास करून एम.ए. आणि पीएच.डी. झालेल्यांच्या पिढ्या आहेत. त्यांपैकी कितीतरी जण आज प्राध्यापक आहेत. विद्यार्थ्यांचे भवन ही श्रीमंत देशातील चैन आहे असा आक्षेप घेतला जातो. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे त्याच्यासाठी ती कदाचित चैन असेल. लालबागच्या विद्यार्थ्यासाठी ती पहिली गरज होती. १९८२ च्या संपानंतर या घरांतील अनेक मुलांचे शिक्षण अर्ध्यावर थांबले, तेव्हा त्यांना धरून ठेवणारी अशी कोणतीच जागा विद्यापीठाकडे नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न ओळखला होता असे दिसते. २० जून १९४६ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते लष्करी बराकींत. नंतर ते फोर्टमधील आनंद भवन आणि बुद्ध भवन येथे आले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सोयीचे व्हावे म्हणून वर्ग सकाळी भरत. या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरवली जाई. सरकारी बाके, विरोधी बाके, प्रश्नोत्तरे अशी तिची पद्धत होती आणि स्वतः बाबासाहेबांनी तिच्यासमोर भाषण केले होते. वास्तू म्हणून पाहिले तर आनंद भवन ही रस्त्यालगतची व्यापारी पद्धतीची इमारत, तिच्यात ना मनोरा ना रंगीत काचा. परंतु बाके समोरासमोर मांडण्याची जी कल्पना कावसजी जहांगीर सभागृहाला सुचली नव्हती ती येथे साध्या वर्गखोलीत अमलात आली. विद्यार्थ्यांची वास्तू घडते ती मांडणीमुळे, या विधानाला मुंबईत याहून चांगला पुरावा सापडणार नाही.

कट्टा, पायऱ्या आणि बी रोड

छप्पर नसले की माणसे ओटा शोधतात. मुंबईच्या विद्यार्थी संस्कृतीत कट्टा आणि नाका या शब्दांना जे स्थान आहे ते यामुळेच. माटुंग्याला रुईया आणि पोदार महाविद्यालयांच्या मधला नाका, एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलच्या ३० पायऱ्या, मरिन ड्राइव्हचा कठडा, धोबी तलावाजवळचे इराणी, दादरला कीर्ती महाविद्यालयाजवळची वडापावची गाडी ही सर्व विद्यार्थी संघाची विखुरलेली दालने आहेत. नाटकाच्या तालमींना दादरची छबिलदास शाळा लाभली. १९७४ पासून तेथे चाललेल्या प्रायोगिक रंगभूमीत महाविद्यालयीन एकांकिकांतून आलेल्या मुलामुलींचा वाटा मोठा होता. या कट्ट्यांचे गुणगान करण्याची मराठी ललित लेखकांना आवड आहे. ते गुणगान वाचताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. कट्टा पावसाळ्यात बंद असतो. तो अंधार पडल्यावर मुलींना मुलांइतका मोकळा राहत नाही, आणि चहाचे पैसे खिशात नसणाऱ्याला इराण्याकडे फार वेळ बसता येत नाही.

विद्यापीठाने चर्चगेटच्या बी रोडवर विद्यापीठ विद्यार्थी भवन उभारले, हे येथे नोंदवले पाहिजे. बॅकबेच्या भरावावरील ओव्हलच्या पश्चिमेचा हा भाग १९३० च्या दशकानंतर आर्ट डेको पद्धतीच्या निवासी इमारतींनी भरत गेला. जवळच विद्यापीठाचे जगन्नाथ शंकरशेट वसतिगृहही आहे. नावाने पाहता विद्यार्थी भवन ही मुंबईतील विद्यार्थी संघाच्या इमारतीच्या सर्वांत जवळची वास्तू. प्रत्यक्षात तिची ओळख आहे ती विद्यार्थी कल्याण विभागाचा, अलीकडच्या नावाने विद्यार्थी विकास विभागाचा, पत्ता म्हणून. युवा महोत्सवाची पत्रके, नोंदणी आणि वेळापत्रके या पत्त्यावरून निघतात. युवा महोत्सवाने मराठी रंगभूमीला आणि संगीताला काय दिले हे सांगायला नको. पण विद्यार्थी या भवनात येतो तो कागद देण्यासाठी. कल्याण हे दुसऱ्याने करायचे असते. संघ स्वतः चालवायचा असतो. भवनाच्या दारावरील शब्दातच त्याची मर्यादा आहे.

जीर्णोद्धारानंतर

एकविसाव्या शतकात फोर्ट संकुलाचे भाग्य उजळले. सभागृहाचा जीर्णोद्धार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झाला. राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय यांचे काम २०१३ ते २०१५ या काळात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्याने आणि इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकाराने पार पडले. वास्तुविशारद होत्या ब्रिंदा सोमाया. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दगडाची स्वच्छता, काचांची दुरुस्ती आणि लाकूडकाम यांची गुणवत्ता वादातीत आहे. असे काम महाराष्ट्रातील इतर विद्यापीठांच्या जुन्या इमारतींना लाभावे असेच कोणालाही वाटेल.

तथापि जीर्णोद्धाराच्या निमित्ताने वापराचा प्रश्न नव्याने विचारता आला असता. तो फारसा विचारला गेला नाही. सभागृहाच्या बाजूची कमानदार पडवी आणि उघडे गोल जिने ही स्कॉट यांनी हवामानाचा विचार करून दिलेली, माणसांनी थांबावे अशी रचना आहे. संकुलातील बाग, जेथे थॉमस वूलनर यांनी घडवलेला सर कावसजींचा बसलेला पुतळा आहे, ती दुपारी सावलीत असते. इमारतीला धक्का न लावता या जागा विद्यार्थ्यांच्या रोजच्या बैठकीला देता येतात. पदव्युत्तर विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत गेल्यानंतर फोर्टला विद्यार्थी उरलाच कोठे, असे यावर म्हटले जाते. परंतु चर्चगेट ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या पट्ट्यात एल्फिन्स्टन, सिद्धार्थ, सेंट झेवियर्स, जय हिंद, के. सी., शासकीय विधी महाविद्यालय यांचे हजारो विद्यार्थी रोज ये-जा करतात. ते सर्व याच विद्यापीठपरिवारात वाढलेल्या महाविद्यालयांचे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी फोर्ट संकुलाचे फाटक ओलांडलेले नसते.

एडिंबरोच्या इमारतीचा विस्तार होऊ शकला, कारण तिला मालक होता. विद्यार्थी मंडळ आपल्याला काय हवे ते सांगत होते. मुंबईत हा मालकच नाहीसा झाला. १९८९ मध्ये महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. त्यानंतर खुल्या निवडणुका मागे पडल्या आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने गुणानुक्रमे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत रूढ केली. हिंसा थांबवण्याची निकड खरी होती, ती नाकारता येणार नाही. परंतु वर्गात पहिला आलेला विद्यार्थी वर्गाच्या वतीने खोली मागण्यास बांधील नसतो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये होऊ घातलेल्या निवडणुका विधानसभा निवडणुकीच्या कारणाने पुढे ढकलल्या गेल्या. बी रोडवरील भवनाच्या तळमजल्यावर काय असावे, ते रात्री किती वाजेपर्यंत उघडे राहावे, परळहून येणाऱ्या मुलीला तेथे परीक्षेच्या महिन्यात बसता यावे की नाही, हे ठरवणारे निवडून आलेले मंडळ त्या वर्षी बसले नाही.